जिवंत अळीची वांगी

कलावतीने दाराला आतून कडी घातली, विणकामाची सुई घेतली आणि ताज्या, तुकतुकीत वांग्यांना भोकं पाडायला बसली.

तिचा नवरा रामदास कचेरीत कारकून होता. एकदा तो कुठलंसं व्याख्यान ऐकून आला आणि फवारा मारलेल्या भाजीला किडासुद्धा तोंड लावत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. तेव्हापासून कामतघरच्या त्या चाळीत, त्यांच्या घरी फक्त किडकी भाजी येऊ लागली, तीही दुप्पट भावाने. कोन गावाहून भाजीची टोपली घेऊन येणारी सीताबाई त्याचा वाटा वेगळाच काढून ठेवायची.

"घ्या सायेब, ही तुमची. दुसरा कोनी घेत न्हाय," ती अगदी खरं तेच सांगायची.

"लोकांना अक्कल नाही," रामदास कौतुकाने पिशवी पुढे करायचा.

कलावतीला विष नको होतं, तसे किडेही नको होते. पालेभाजी सीताबाईच्या परसातली घ्यावी, बाकीचं बाजारातून आणून मिठाच्या पाण्यात धुवावं, हे सांगून सांगून ती थकली होती. पण आज त्यांच्या लेकीला, मैनाला, बघायला कल्याणहून माणसं येणार होती. मुलाचा बाप मटण खात नाही, म्हणून भरल्या वांग्यांचा बेत. त्याच्या पानात अळी निघाली तर पोरीचं जमत आलेलं मोडेल, या धास्तीने तिने गुपचूप बाजारातली वांगी आणली होती.

भोकं पाडून तिने कडी काढली, तसा रामदास तपासणीला आला. "वा! छान किडलीत!" म्हणत त्याने एक चिरलं, मग दुसरं. त्याचा चेहरा पडला.

"अगं, भोक आहे, अळी कुठाय?"

"गेली असंल फिरायला."

"सगळ्यांतल्या? एकदम? म्हणजे मागाहून फवारा मारलाय! अळी पळाली, विष राहिलं! ही वांगी पाहुण्यांना घालायची नाहीत. नुसतं वरण वाढ."

सोयरीक करायला आलेल्यांना नुसतं वरण! कलावती तडक शेजारच्या खदीजाकडे धावली.

"भाभी, एखादी अळी असंल का गं?"

खदीजाच्या दारात आजवर साखर मागायला खूप जणी आल्या होत्या. अळी मागणारी ही पहिलीच. "मेलेली चालंल?"

"नाय, जिवंत पायजे. तब्येतीनं बरी."

"माज्या परसात वांग्याची झाडा हायेत, बघ तिथं. पन परत आनून देऊ नको हां!"

खदीजाच्या नवऱ्याच्या लूमवरची, सूत गुंडाळायची एक रिकामी बॉबिन मिळाली. तिच्या पोकळीत अळी घालून कलावती मागच्या दाराने घरी आली आणि अळी एका वांग्याच्या भोकात ढकलली.

"अहो, ह्याच्यात बघा बरं."

रामदासने वांगं चिरलं. अळीने मान वर केली. रामदासचे हात जोडायचेच बाकी राहिले. "अगदी ठणठणीत आहे गं!" बाकीच्या वांग्यांना लगेच परवानगी मिळाली. अळी मात्र तो टाकू देईना. पाहुण्यांना दाखवायला म्हणून त्याने ती बशीत घालून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली.

पाहुणे आले, जयभीम झाला, मैनाला बघून झालं, पानं वाढली. रामदासने ऐटीत बशीकडे हात नेला. बशी रिकामी!

कलावतीला अळी दिसली. मुलाच्या बापाच्या, वाल्मीकरावांच्या ताटाच्या कडेवरून ती शांतपणे वांग्याकडे निघाली होती. वाल्मीकरावांचंही तिकडे लक्ष गेलं. घास हातातच राहिला. मैनाने डोळे गच्च मिटून घेतले. संपलं सगळं, असं वाटून कलावतीला रडूच फुटायला आलं.

"ही... तुमच्या वांग्यातली?"

"हो... म्हणजे..." रामदास चाचरला.

"जिवंत?" वाल्मीकरावांनी अळी अलगद बोटावर घेतली. त्यांचा आवाज भरून आला. "रामदासराव, आम्ही सगळं कल्याण पालथं घातलं! भोकं मिळतात हो, अळी काय मिळत नाही! बिनफवाऱ्याचं खाणारं असलं घर आता सोडायचं नाही. ठरलं!"

कलावती पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाली. पाणी प्यायच्या निमित्ताने मुलाची आई गुणाबाई मागोमाग आत आली. तिने दार हळूच लोटून घेतलं आणि कलावतीच्या कानाशी लागली.

"विहीणबाई, भोकं मीबी सुईनंच पाडते. पण अळी कुठून आणता हो?"