विषारी सफरचंदाचा प्रसाद

गेल्या बावीस वर्षांत माझा एकही नेम मोडलेला नाही, आणि माझ्यासमोर कुठलंही शुभकार्य नैवेद्याशिवाय सुरू झालेलं नाही! म्हणूनच भाची हर्षालीच्या पहिल्या बॅलेला मी तासभर आधीच विंगेत हजर होते.

शुभकार्य तसं नाजूकच होतं. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ संतोष, नाशिक रोडहून पहिल्यांदाच तिचा नाच बघायला येणार होता, आणि हसू झालं तर क्लास बंद, असं त्याने आधीच बजावलं होतं.

गोष्ट जुनीच. सावत्र राणी, बोलणारा आरसा, विषारी सफरचंद. पण सगळी काळोखी! राजकन्येला काळ्या जाळीचा झगा, राणीच्या पाठीवर वटवाघळाचे पंख. पोरी पायाच्या अंगठ्यावर उभ्या राहून गिरक्या घेत होत्या. मी बघतच राहिले. मला आरतीपुरतंसुद्धा अख्ख्या तळव्यांवर उभं राहवत नाही.

कोपऱ्यात नटराजापुढे समई तेवत होती. शेजारी ताटलीत, मखमलीवर, एकच लालभडक सफरचंद. नैवेद्य ठेवलेला आणि दाखवायला कोणी नाही! मी हात जोडले, सफरचंद चिरलं, बारीक फोडी करून सगळ्यांना वाटल्या. प्रसादाला नाही कोण म्हणणार? राणीनेसुद्धा पंख सावरत हात पुढे केला. दिग्दर्शिका मनीषाबाईंनी फोड कपाळाला लावून खाल्ली, आणि मग विचारलं, "सफरचंद कुठंय?"

"आत्ता तुम्हीच खाल्लंत," मी हळूच म्हणाले.

हर्षालीचं काजळ ओघळायला लागलं. "आत्या, आता मी मरू कशाने?"

तेवढ्यात तिसरी घंटा झाली. माझ्या पिशवीत संकष्टीच्या फराळाला घेतलेला काळ्या द्राक्षांचा घड होता. तोच मखमलीवर ठेवला.

निळ्या उजेडात राणीने तो घड उंच धरला आणि माझ्या अंगावर काटा आला. जणू अमावस्याच देठाला लटकली होती! हर्षालीने एक द्राक्ष ओठांत धरलं, गिरकी घेतली, आणि पीस पडावं तशी कोसळली. मी खरोखर देवाचं नाव घेतलं.

पण राणीच्या हातातला घड सुटला आणि द्राक्षं रंगमंचभर गडगडली. राजपुत्र झालेला ललित उडी घेऊन आला, त्याचा पाय द्राक्षावर पडला, आणि तो सरळ घसरत जाऊन राजकन्येच्या पायांशी गुडघ्यांवर थांबला.

अख्खं नाट्यगृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या थांबेचनात.

बाहेर संतोष डोळे पुसत उभा होता. क्लास बंद करायचा नाही, असं त्यानेच सांगून टाकलं. मग म्हणाला, "ताई, ते द्राक्षांवरून घसरत येणं किती महिने बसवलं असेल गं?"

खोटं न बोलणं हाही माझा रोजचा नेम. मी रुमालातून त्याच्यासाठी राखलेली, काळी पडलेली शेवटची फोड काढली.

"आधी प्रसाद घे."

तोंडात प्रसाद असताना आमच्या घरात कोणी बोलत नाही. तेवढ्यात मी रिक्षाला हात केला.