दोन रुपयांचा आक्षेप

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, मग हात भाकरीवर बसला तो बसलाच. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून जे सांगायचं ते लिहून काढते. सांगायचं आहे आमच्या शेजारच्या निवृत्ती गुरुजींबद्दल.

गुरुजी घराबाहेर पडताना दाराला कुलूप लावतात. कुलपाला दोरा गुंडाळतात. दोऱ्यावर मेणबत्तीनं लाख वितळवून थेंब पाडतात आणि तो ओला असतानाच त्यावर अंगठी दाबतात. मग दोन पावलं मागं सरून शिक्का नीट उमटला का ते बघतात. कुणाला वाटेल माणूस काशीला निघाला. गुरुजी निघालेले असतात दळण आणायला.

आम्ही पालीत राहतो. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. पण त्यांचा जीव सगळा निवडणुकीत. निवडणूक लागली की बाकीच्या मास्तरांची कंबर धरते, कुणाची साखर वाढते, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न निघतं. ड्युटी टाळायला काय वाटेल ते. गुरुजी मात्र पिशवी भरून बसलेले असतात. दर वेळी ते केंद्राध्यक्ष, म्हणजे मतदानाच्या खोलीतले मुख्य साहेब. त्यासाठी एक पुस्तिका मिळते. ती त्यांना इतकी पाठ आहे की झोपेत उठवून विचारा, पानासकट सांगतील.

मतदानाच्या दिवशी पहाटे आधी खोटं मतदान घेऊन मशीन तपासतात म्हणे. सगळ्यांसमोर बटणं दाबायची, बरोबर मोजलं का बघायचं आणि मग मशीन पुसून कोरं करायचं. त्याला म्हणायचं 'क्लिअर'. हे क्लिअर गुरुजींच्या अंगात भिनलेलं. मी नवीन कुकर आणला तेव्हा त्यांनी आधी नुसतं पाणी घालून शिट्टी करायला लावली.

"वैनी, शिट्टी सगळ्यांनी ऐकली ना? आता पाणी ओता. क्लिअर करून दाखवा. मगच तांदूळ."

आमच्या मालकांना हसू आवरेना. ते म्हणाले, "गुरुजी, भातालाबी शाई लावता का?"

"शाई डाव्या हाताच्या तर्जनीला," गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

एकदा उन्हाळ्यात टँकर आला. पाणी पुरणार नाही असं दिसल्यावर बायांची जुंपली. गुरुजी चिठ्ठ्या घेऊन धावले. मतदान संपायच्या वेळेला जेवढे रांगेत असतात तेवढ्यांना चिठ्ठ्या देतात, आणि त्या द्यायच्या शेवटच्या माणसापासून, म्हणजे मागून कुणी नवा घुसत नाही. गुरुजींनी तसंच केलं. एक नंबरची चिठ्ठी सगळ्यात मागं उभ्या असलेल्या कांताला.

पुढची बाई खवळली. "आमी पहाटंपासून हुबं हाव, आन एक नंबर हिला कावून?"

"नंबर एक म्हणजे पहिला नव्हे. नंबर एक म्हणजे शेवटचा."

"मंग शाळंत बी असंच शिकविता का पोरास्नी?"

तेवढ्यात कांता एक नंबर घेऊन पुढं गेली आणि घागर भरूनही आली. त्या दिवसापासून टँकर आला की बाया आधी गुरुजींच्या दाराला बाहेरून कडी घालतात.

तर असे गुरुजी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. रोज दोन भाकरी आणि वर कोरड्यास, म्हणजे भाजी, मी भिंतीवरून देते. त्या ते डब्यात घेतात, "प्राप्त" म्हणतात आणि आत जातात. कोरड्यास कसं झालं हे कधी सांगत नाहीत. पण ज्या दिवशी मेथी असते त्या दिवशी डबा घासून चकचकीत येतो.

आमचं मत अजून सासरच्या गावाला आहे, तिकडं धर्मापुरीच्या बाजूला. मागच्या वेळी आम्ही ऊसतोडीला होतो, मत हुकलं. या वेळी काही झालं तरी द्यायचंच असं मी ठरवलं होतं. पण ऐन वेळी मालक ट्रक घेऊन लांब गेले. फोनवर म्हणाले, "एकलीच जाऊन ये की. कोण खातंय का तुला?" मी भाकरी बांधून घेतली आणि एस्टीत बसले.

गावच्या शाळेत रांग होती. माझा नंबर आला, आत गेले आणि बघते तर टेबलामागं आमचे गुरुजी! कुठल्या गावची ड्युटी लागली हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. ते कुणालाच सांगत नाहीत. मला इतका धीर आला म्हणून सांगू! मी हसले. गुरुजींनी माझ्याकडं भिंतीकडं बघावं तसं बघितलं.

"ओळखपत्र," ते म्हणाले.

तेवढ्यात बाकावरून एक तरुण उठला. उमेदवाराचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. त्याला बाळू म्हणत होते.

"थांबा! ह्या बाईला मी गावात कधी बघितलं न्हाई. फोटोतली येगळी हाय, ही येगळी हाय. माझा आक्षेप हाय."

त्याचं चूक नव्हतं. फोटोतली मी काडीसारखी होते. पण मी दाराकडं बघायला लागले. गुरुजींचा चेहरा मात्र उजळला. इतक्या निवडणुका झाल्या, त्यांच्या केंद्रावर कुणी आक्षेपच घेतला नव्हता. त्याचा वेगळा कागद असतो, तो दर वेळी कोराच परत जायचा.

"आक्षेपाचं शुल्क दोन रुपये. रोख," गुरुजी म्हणाले.

बाळूनं पाचशेची नोट काढली.

"सुटे नाहीत."

"मंग मोबाईलवरनं टाकतो."

"मोबाईल केंद्रात चालत नाही."

बाळूनं दुसऱ्या माणसांना खिसे चाचपायला लावले. कुणाकडं दोन रुपये निघेनात. मागं रांगेत बाया कुरकुरू लागल्या, लेकरं रडू लागली. माझ्यामुळं सगळे खोळंबले, हे मला सोसेना. मी कनवटीचं नाणं काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"घ्या, भाऊ. मागनं द्या."

माझ्यावरच्या आक्षेपाचे पैसे मीच भरले होते. गुरुजींनी नाण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"प्राप्त," ते म्हणाले, आणि पावती बाळूच्या नावानं फाडली.

मग चौकशी. "दुसऱ्याच्या नावानं मत दिल्यास शिक्षा होते, हे तुम्हाला माहीत आहे?" आदल्या दिवशी सकाळी ज्यांनी माझी भाकरी बांधून नेली, ते हे विचारत होते. मला रडूच आलं.

"तुमचं नाव?"

"कौशल्या."

"पतीचं नाव?"

इथं माझं तोंड शिवल्यासारखं झालं. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी तर कधीच घेतलं नाही. पदर चावत उभी राहिले.

"बघा बघा!" बाळू उड्या मारायला लागला. "नवऱ्याचं नाव बी ठावं न्हाई. अय, पोलिसाला बोलीव बे!"

गुरुजींना नाव ठाऊक नव्हतं का? रोज भिंतीवरून हाक मारतात, "किसनराव, ट्रक आला का?" एक शब्द बोलले असते तर मी सुटले असते. पण त्यांनी चष्मा पुसला, पुस्तिका उघडली आणि पानं उलटायला लागले. माझ्या मनात आलं, आग लागो त्या पुस्तकाला.

"उत्तर मतदारानंच द्यायचं आहे," ते सावकाश म्हणाले. "पण ते कसं द्यायचं, याबद्दल इथं काही लिहिलेलं नाही." मग पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "बाई, उखाण्यात चालेल."

मला दुसरं काही सुचेना. लग्नात घेतला होता तोच तोंडातून बाहेर पडला:

"बांधावरच्या बोरीला पिकली गोड बोरं,
किसनरावांचं नाव घेते, सरका मागं, पोरं!"

बाळू खरंच दोन पावलं मागं सरला. आणि दारातून म्हातारा आवाज आला, "अगं बया! ह्यो उखाणा तर म्या शिकविल्याला! किसनाची बायकू हाय ती. कवशे, लई फुगलीस की गं!"

माझ्या चुलतसासूबाई होत्या, सोजरआत्या. रांगेत उभ्या होत्या. गुरुजींनी त्यांना आत बोलावून रीतसर विचारलं, लिहून घेतलं.

"आक्षेप सिद्ध झाला नाही. मतदार खरा आहे."

"मंग माझं दोन रुपयं बुडालं?" बाळू म्हणाला.

"आक्षेप खोडसाळ नव्हता. फोटो खरोखर ओळखू येत नाही. शुल्क परत."

बाळूनं नाणं घेतलं, खिशात टाकलं आणि बाकावर जाऊन बसला. मी बघत राहिले. भाऊ, ते माझे आहेत, एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. गुरुजी बाळूच्या खिशाकडं क्षणभर बघत होते. मग म्हणाले, "पुढचा मतदार."

मी मत दिलं. बाहेर पडताना गुरुजींचे ओठ सुकलेले दिसले, म्हणून भाकरीचं गाठोडं पुढं केलं.

"मतदाराकडून काही घेता येत नाही," गुरुजी म्हणाले, कागदावरून नजर न काढता.

मला त्याचा इतका राग आला की नंतर बरेच दिवस मी भिंतीवरून भाकरी दिली नाही. त्यांनीही मागितली नाही. सकाळी त्यांच्या घरातून करपल्याचा वास यायचा. वाईट वाटायचं, पण मी भिंतीकडं गेले नाही.

निकाल लागला. दुसऱ्या दिवशी उजाडताच गुरुजींच्या दाराला लाख लागलेली दिसली. सुट्टीचा दिवस, शाळा नाही. दिवस मावळायच्या आत ते आले, अंगावर एस्टीची धूळ. घरी न जाता आमच्या दारात उभे राहिले.

"वैनी, निकाल लागला. आता मी कुणाचा अध्यक्ष नाही." त्यांनी मूठ उघडली. दोन रुपयांचं नाणं होतं. "त्या बाळूकडं आधी जाता येत नव्हतं. पक्षाच्या माणसाच्या दारात निकालाआधी कसं जायचं?"

"गुरुजी, दोन रुपयासाठी तुमी एवढं तिकीट काढून गेलता?"

"नियमानं ते त्याला द्यावे लागले. पण होते तुमचे."

मग ते कुलपाकडं बघावं तसं माझ्या उंबऱ्याकडं बघत उभे राहिले.

"माझ्या डब्यात काय आहे हे ठाऊक असलेलं एकच घर आहे मला," ते हळू म्हणाले. "त्यालाच विचारलं, तुम्ही कोण म्हणून. पुस्तिकेत ते सोपं वाटतं, वैनी."

माझा तवा चुलीवरच होता. मी म्हणाले, "बसा. मेथी हाय."

ते उंबऱ्याजवळ बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नाणं माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "मोजून घ्या."

एका नाण्यात मोजायचं काय? पण मी पिठाचे हात पुसले, नाणं उचललं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मतदानाच्या खोलीत निघाला नव्हता तेवढा मोठा आवाज काढून म्हणाले, "प्राप्त. दोन रुपये पूर्ण मिळाले."