हवामान न बोलणारे प्रभुणे

प्रभुण्यांशी हवामानाबद्दल बोलायची सोय नाही. "आज गारठा आहे," एवढं म्हटलं तरी ते तोंडावर बोट ठेवतात. म्हणतात, "सुभद्राबाई, सकाळी उठून हवामान सांगत बसले म्हणून तर हा देश युद्ध हरला."

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर ते राहतात. इथल्या विद्यापीठात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, आता निवृत्त आहेत. मी चौथी शिकलेली, मुलगा इथे नोकरीला म्हणून त्याच्याकडे असते. मुलगा-सून कामावर गेले की सबंध इमारतीत मराठी बोलणारी माणसं उरतात तीन. मी, प्रभुणे आणि त्यांची बायको शालिनीबाई. त्यामुळे प्रभुण्यांना ऐकवायला मी आणि मला ऐकायला प्रभुणे. दोघांनाही दुसरी निवड नाही.

त्यांचं म्हणणं असं. मोठ्या युद्धात जर्मनांकडे टाइपरायटरसारखं एक यंत्र होतं. त्यात साधा निरोप घातला की बाहेर अक्षरांची खिचडी यायची. शत्रूने बिनतारी निरोप चोरून ऐकला तरी हाती खिचडीच लागायची. यंत्र पक्कं होतं, पण माणसं फार शिस्तीची होती, आणि तिथेच घात झाला. रोज सकाळी ठरल्या वेळेला, ठरल्या शब्दांत हवामान कळवायचं, आणि शेवटी तोच सलाम ठोकायचा. आधी पोलंडच्या आणि मग इंग्लंडच्या गणितवाल्यांनी अशा सवयी हेरल्या. एवढा धागा हाती आल्यावर त्यांनी सगळी गोधडी उसवली.

"तोफा लागतात कशाला? पेन्सिल पुरते," असं प्रभुणे म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं की ती पेन्सिल यांच्याच हातात होती. ते जन्मले मिरजेत, युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर. पण हे त्यांना सांगायचं नसतं.

या ज्ञानाचा परिणाम म्हणून प्रभुण्यांनी एकही सवय लावून घेतली नाही. तीही या देशात, जिथे सगळ्या इमारतीच्या खिडक्यांची झापडं एका वेळी वर जातात. सोमवारी ते मला "गूटन मॉर्गन" म्हणाले की मंगळवारी "रामराम" आणि बुधवारी नुसती मान. ब्रेड आणायला ते कधी बेकरी उघडायच्या आधी जातात, कधी बंद झाल्यावर. रिकाम्या हाताने येतात आणि म्हणतात, "माझा माग कोणालाही लागणार नाही." माग काढणार कोण, हे मी एकदा विचारलं होतं. त्यावर ते गूढ हसले. शालिनीबाई म्हणाल्या, "कोण काढतंय? लग्नाला इतकी वर्षं झाली, मीच सोडून दिलं."

सायकलच्या कुलुपाला त्यांनी असा आकडा लावला की जगातल्या कोणालाही तो ओळखता येऊ नये. त्या जगात प्रभुणेही आले. शेवटी माझ्या मुलाकडून करवत नेऊन ते भरदुपारी स्वतःचं कुलूप कापत बसले, आणि समोरच्या इमारतीतून कोणीतरी पोलीस बोलावले. सायकल आपलीच आहे हे पटवायला त्यांना घाम फुटला. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "आकडा किती चांगला होता बघा."

उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या अंगणात सगळे मिळून केक खातात. तिथे नव्वदीच्या लिंडनरआजी बसल्या होत्या. प्रभुण्यांनी त्यांना गाठून, तुमचं राष्ट्र गणितामुळे कसं हरलं, हे सविस्तर समजावलं. माझा मुलगा शरमेने अर्धा झाला होता. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देवाची कृपा. नाहीतर ते लोक अजून डोक्यावर बसले असते." आणि त्यांनी प्रभुण्यांना केकचा दुसरा तुकडा वाढला. प्रभुणे नाराज झाले. त्यांना वाद हवा होता.

गेल्या हिवाळ्यात शालिनीबाईंच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकून झटका आला. हात-पाय सावरले, पण बोलणं विस्कटलं. शब्द अगदी स्वच्छ येतात, पण जागा सोडून. मला बघून म्हणतात, "पेरू जिन्यावर, पुढचं स्टेशन." आणि उत्तराची वाट बघतात. मी आपली "हो बाई" म्हणते आणि मटार सोलायला त्यांच्या शेजारी बसते. डॉक्टर म्हणाले, सुधारेल किंवा नाही सुधारणार.

प्रभुण्यांना आयतं काम मिळालं. त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की शालूचं बोलणं म्हणजे एक कोड आहे आणि तो ते फोडणार. थोड्याच दिवसांत म्हणाले, फुटला. मी समोर असताना शालिनीबाई काहीतरी लांबलचक बोलल्या. प्रभुणे म्हणाले, "आमटीत मीठ जास्त आहे म्हणते." त्या दिवशी आमटी केलीच नव्हती.

त्यांची मुलगी मीनल हॅनोव्हरला इंजिनियर आहे. जन्म इथलाच, पण मराठी बोलते, जरा अडखळत. बाप थकत चालला, आईला काय हवं ते कोणाला कळत नाही, म्हणून तिने एका फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करतात त्या घरात, आईसाठी जागा धरून ठेवली. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. बापाने फोनवर सांगितलं की मला हिचं अक्षर न् अक्षर कळतं. तेव्हा ते खरं आहे का, हे बघायला ती शनिवारी आली. आणि या शहाण्या माणसाने साक्षीदार म्हणून मला बोलावलं.

मीनलने आईसमोर बसून विचारलं, "आई, तुला काय हवंय?"

शालिनीबाई म्हणाल्या, "गादीला पोस्टमन. दोन्ही आंबट."

"खिडकी उघड म्हणतेय," प्रभुणे लगेच म्हणाले आणि खिडकी सताड उघडली. बाहेर बर्फ होतं. शालिनीबाई हात झटकून ओरडायला लागल्या. मीनलने धावत जाऊन खिडकी लावली.

"बरोबर," प्रभुणे म्हणाले. "आधी उघड, मग लाव. लुफ्टेन. घर हवेशीर करायचं होतं तिला."

मीनलला हसू आलं. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, खरं सांगा. पपांना कळतं का?"

मी म्हणाले, "तुझ्या बापाला ओ का ठो कळत नाही."

प्रभुणे खुर्चीत बसले. मीनल होकार कळवायला टेबलावरचा फोन उचलणार, तेवढ्यात ते बोलले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात.

"कोड फोडणाऱ्यांचं सगळे सांगतात, मीसुद्धा. पण त्यांच्या आधी कानाला यंत्र लावून जर्मनांचे निरोप ऐकत बसणाऱ्या मुली होत्या. रात्रंदिवस येईल ते अक्षर लिहून घ्यायच्या. त्यांना त्यातलं काहीही कळत नव्हतं. पण त्या उठून गेल्या असत्या तर गणितवाल्यांनी फोडलं काय असतं?"

मीनल म्हणाली, "पपा, तिथे नर्स असतील. त्या पण ऐकतील."

"जर्मन नर्स," प्रभुणे म्हणाले. "शालू असं बोलली की त्यांना वाटेल, बाई मराठी बोलतेय. बोलणं बिघडलंय हेसुद्धा त्यांना कळणार नाही. आणि एखाद्या दिवशी नीट बोलली, तर तेही कळणार नाही."

मीनल स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. सोमवारी तिने जागा नको म्हणून कळवलं. दुपारी दोन तास घरी येऊन मदत करणारी एक बाई लावली आणि ती हॅनोव्हरला परत गेली.

परवा मी खाली गेले तर शालिनीबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. उशी, बोगदा, गुळाची ढेप, चुलतभाऊ, काय वाटेल ते. प्रभुणे समोर खुर्ची ओढून, मान एका बाजूला करून ऐकत होते. मध्येच "शालू, जरा सावकाश," म्हणाले. शालिनीबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला शब्द सगळे वेगळे.

मी विचारलं, "काय म्हणतात हो?"

"अजून नाही कळलं," प्रभुणे म्हणाले. "पण आवाजावरून चूक माझी दिसतेय."