बर्वे आणि मेरीबाईंची चाल

बर्व्यांना जेवायला बोलावलं की पहिला घास पोटात जायच्या आधी चौकशी सुरू. "वहिनी, ही आमटी कुणाकडून शिकलात?"

"सासूबाईंकडून."

"आणि त्यांना कुणी शिकवली?"

आमटी गार व्हायची, पण पणजीपर्यंत पोचल्याशिवाय हा गृहस्थ वाटीला हात लावायचा नाही. एकदा बायको वैतागून म्हणाली, "यूट्यूबवरून!" तर नुसता ताकभात खाऊन उठले.

दोह्यात ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. एकटेच. वर्ल्ड कपसाठी स्टेडियम उभं राहत होतं. मी तिथे प्लॅनिंगला, ते क्वांटिटी सर्व्हेअर. दिवसभर मोजमापं आणि घरी आले की व्हायोलिन. त्यांचा रियाज अख्ख्या मजल्याला पाठ होता. कौतुक कुणालाच नव्हतं, खोटं कशाला बोलू, मलाही नव्हतं.

आमचा सेफ्टी मॅनेजर डेक्लन आयर्लंडचा. अल दुहैलला त्याच्या घरी पार्टी होती, तिथे त्याने एक रील वाजवली. मोबाइलवरची नव्हे हो! रील म्हणजे त्यांच्याकडची नाचाची चाल, फिडलवर वाजवतात, आणि फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. झालं! बर्वे बिर्याणीची प्लेट टाकून पुढे. "कर्ता कोण?"

"कुणास ठाऊक. मला शेजारच्या मेरीबाईंनी दिली."

"त्यांना?"

"त्यांच्या चुलत्याने. त्याला एका फिरत्या कल्हईवाल्याने. त्यापुढचं देव जाणे. पलीकडच्या गावात हिचं नावसुद्धा वेगळं आहे."

कर्त्याचा पत्ता नाही, कागद नाही, आणि चाल मात्र जिवंत! बर्व्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग डेक्लनने आपल्या गावची रीत सांगितली. चाल शिकलात की ज्याने दिली त्याच्यासमोर बसून वाजवायची. आधी ती कुणाकुणाकडून आली ते म्हणायचं. देणाऱ्याने मान हलवली की चाल तुमची.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी सकाळी बर्वे डेक्लनकडे. हे जमिनीवर मांडी घालून, तो खुर्चीत. यांनी मींड घेतली की तो ओरडायचा, "रडवू नकोस तिला, नाचू दे!" हे बर्वे मला भाबडेपणाने सांगायचे आणि मी साइटवर त्याची नक्कल करून हशा मिळवायचो.

शेवटी दिवस ठरला. येत्या शुक्रवारी बर्वे डेक्लनसमोर वाजवणार.

आणि त्याच आठवड्यात डेक्लनचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. तो माझ्या केबिनमध्ये आला. "गुरुवारी निघतोय. बर्वेचा फोन लागत नाही. त्याला म्हणावं, बुधवारी संध्याकाळी ये, मी वाट बघतो." मी म्हटलं, "इन्शाल्ला, सांगतो." बर्व्यांनी रियाजासाठी आठवडाभर रजा टाकून फोनही बंद ठेवला होता, पण मला तर फक्त समोरचं दार वाजवायचं होतं. पाच पावलं! पण हँडओव्हरची धावपळ होती, आणि खरं सांगू? मला ते सगळं पोरकट वाटत होतं. विसरलो.

शुक्रवारी सकाळी बर्वे दारात. इस्त्रीचा झब्बा, हातात व्हायोलिनची पेटी. "गाडीतून सोडता का हो? हात घामेजलेत."

मी सांगून टाकलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"व्हिडिओ काढून पाठवू या," मी म्हटलं.

"समोर बसून मान हलवायची असते हो." मग हळूच म्हणाले, "आमचे गुरुजीही असेच गेले. माझं ऐकायचं राहून गेलं. आजवर माझ्या वाजवण्यावर कुणी मान हलवलेली नाही. जाऊ द्या. तुम्ही बसा, तुम्हालाच ऐकवतो."

तिथेच आमच्या हॉलमध्ये मांडी घातली. "डेक्लनकडून. त्याला मेरीबाईंकडून. त्यांना चुलत्याकडून, त्याला कल्हईवाल्याकडून." आणि वाजवलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण चाल नाचत होती, अगदी नाचत होती. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली.

संपलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नुसती मान हलवायची होती. पण लाजेने माझी मान खाली गेलेली, ती वरच होईना.

बर्व्यांनी रुमालाने तारा पुसल्या. मग व्हायोलिन पेटीत ठेवत म्हणाले, "दुसरा भाग कच्चा आहे ना अजून? मलाही वाटलंच होतं."