वासंतीचं पातेलं आणि माझा अबोला

वासंतीचं पितळी पातेलं घरात नाही हे मला कळलं तो मंगळवार होता. यंदाची, १९९४ची दिवाळी पंधरा दिवसांवर होती. माझी बायको वासंती हिला जाऊन आठ महिने झाले होते. तिचं नाव कोरलेली घरात तेवढीच एक वस्तू!

आमच्या घराची दुसरी चावी फक्त शेजारच्या नीलिमावहिनींकडे. म्हणजे चोर सापडला! पण उभ्या आयुष्यात मी कुणाशी भांडलो नाही. हे पातेलंही न भांडता परत आणणार होतो. वासंती असती तर पॅसेजमध्ये उभी राहून भाईंदर खाडीपर्यंत ऐकू जाईल असं भांडली असती आणि संध्याकाळी त्याच बाईबरोबर चहा प्यायली असती. माझी पद्धत वेगळी. मी अबोला धरला.

वहिनींनी उकड आणली. मी डबा न उघडता त्यांच्या दाराशी ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी घावन आले. तेही परत! तिसऱ्या दिवशी त्यांनी घाबरून माझ्या मुलाला, नीरजला, ऑफिसात फोन केला. "भाऊजी जेवत नाहीत, बोलत नाहीत. लवकर ये!"

नीरज हाफ डे टाकून आला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसला.

"बाबा, स्ट्रेस आत ठेवायचा नसतो. आमचं ऑफिसात ट्रेनिंग झालंय. मोकळं बोला."

"मला स्ट्रेस नाही रे, पातेलं नाही!"

सगळं ऐकून तो उठला.

"मग विचारायचं ना सरळ!"

"अरे, थांब!"

कसला थांबतोय! त्याने शेजारची बेल वाजवली आणि मी बाथरूममध्ये शिरून नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"काकू, आईचं पातेलं तुमच्याकडे आहे?"

"आहे की! कल्हईला दिलं होतं, आजच आलं. दिवाळीआधी आम्ही दोघी मिळूनच द्यायचो ना दरवर्षी. अरे, भाऊजींना विचारूनच नेलं. पेपर वाचत होते. मान हलवली त्यांनी!"

हलवली असेल. वासंती बोलायची तेव्हाही मी तशीच हलवायचो.

पातेलं आता मांडणीवर लखलखतंय. वहिनींचे डबे येतात, मी चाटूनपुसून खातो. माफी मागायची म्हणून काल त्यांची बेल वाजवली. दार उघडलं. मी म्हणालो, "नळाला पाणी आलंय." त्या म्हणाल्या, "हो, भरलं."

माफी मागायची अजून राहिली आहे.