कुसुमताईंचे बाकडे

पेणच्या बाजारपेठेतल्या कुसुमताई म्हात्रे यांच्या मेडिकलमध्ये कुणी मनगट उताणे ठेवून बाकड्यावर बसलेला दिसला, की तो कशासाठी बसला आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळायचे. तो दहा मिनिटे बसायचा. ती दहा मिनिटे कमी करण्याचा अधिकार कुणालाही नव्हता.

पद्धत अशी. शरीरसंबंधाच्या वेळी लावायचे, ऊब देणारे जेल कुणी मागितले, की कुसुमताई नमुन्याच्या नळीतला एक थेंब त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टाकत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत. कातडी लाल झाली किंवा चुरचुरली, तर विक्री नाही. "मनगटाला सोसत नाय, ते तिकडं काय सोसणार?" हा त्यांचा युक्तिवाद. गिऱ्हाईक लाजून निघू लागले की दुसरे वाक्य तयार असे. "लाज धरा, पण आधी मनगट धरा."

इतर दुकानांत हीच नळी वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, तोंड दुसरीकडे करून दिली जाते. कुसुमताईंच्या दुकानात रद्दीच नव्हती. मी वर्तमानपत्रात काम करत असल्याने ही बाब माझ्या लगेच लक्षात आली.

एकदा डोलवीच्या कंपनीतला एक तरुण पहिली शिफ्ट संपवून थेट दुकानात आला. मी खोकल्याचे औषध घेत होतो.

"ते... गरमवालं द्या. मित्रानं सांगितलंय."

"मग मित्राचं मनगट घेऊन ये."

तरुणाने मुकाट्याने स्वतःचे मनगट पुढे केले आणि बाकड्यावर बसला. तेवढ्यात रस्त्याने त्याचे मामा आले.

"काय रे, इथं कसा?"

"बीपी बघतोय, मामा."

"हाताला पट्टा नाय तो?"

"पट्टा मोडलाय," तरुण म्हणाला.

"काय मोडलं नाय," आतून कुसुमताई म्हणाल्या. "लगीन झालंय पोराचं. बायकोला त्रास नको म्हणून बसलाय. तुम्हाला बसायचं असंल तर जागा हाय."

मामा निघून गेले. दहा मिनिटांनी तरुणाला नळी मिळाली. सोबत सूचना, खणखणीत आवाजात: वाटाण्याएवढंच घ्यायचं, जखमेवर लावायचं नाय, आग झाली तर पाण्यानं धुऊन टाकायचं. निरोध वापरत असशील तर खोबरेल बिलकूल नाय, तेलानं रबर फाटतं. हे पाण्यात बनवलेलं हाय, हे चालतं. तरुणाने सगळे ऐकून घेतले. जाताना त्याने दारात चपला उलट्या घातल्या.

धंदा म्हणून ही पद्धत तोट्याची होती. गागोद्याकडची एक बाई आली होती, वय पन्नाशीपुढचे. कुणीतरी सांगितले म्हणून तिला गरम जेलच हवे होते. कुसुमताईंनी तिला बाकड्यावर बसवले, शेजारी स्वतः बसल्या आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"तुला हे नको गो. पाळी गेल्यावर कोरडं पडतं. तिथं गरम लावलंस तर आग होईल नुसती. हे साधं घे, पाण्याचं. आणि एकदा डॉक्टरीणबाईला दाखव. घरात सांगितलंस का, दुखतं म्हणून?"

बाईने मान हलवली. नाही.

"सांग. आजच सांग," कुसुमताई म्हणाल्या. एवढ्या कडक आवाजात त्या थकबाकीदारांशीही बोलत नसत.

आता बाकड्याविषयी. ते सागवानी, सहा फूट लांब होते आणि दुकान नऊ फुटांचे. गिऱ्हाइकांना अंग तिरपे करून आत शिरावे लागे. गाळ्याचे मालक अण्णा यांची पहिली तक्रार लांबीची होती. दुसरी गणपतीच्या मोसमात आली, कारण समोरच गणपतीचा कारखाना होता.

"बाहेरगावची लोकं मूर्ती ठरवायला येतात," अण्णा म्हणाले, "आणि समोर ही तुमची मनगटं!"

"गणपतीला हरकत असंल तर तो सांगंल मला."

"करार संपत आलाय, बाई. बाकडं काढा, नायतर गाळा सोडा."

बाजारपेठेतल्या चार जाणत्यांनी मधला मार्ग सुचवला. बाकडे कापून दोन स्टुले करावीत, ती मागे ठेवावीत, पुढे पडदा लावावा. कुसुमताईंचे उत्तर एका ओळीचे होते.

"कापायचं नाय, झाकायचं नाय. गाळा सोडते."

बावीस वर्षांचे दुकान त्यांनी एका लाकडी सामानासाठी सोडले. लोकांनी त्याला हट्ट म्हटले. मीही तेच म्हटले असते. पण रोह्याला माझे काम होते आणि तिकडे निघालेल्या त्यांच्या सामानाच्या टेम्पोत जागा होती.

रोह्याला त्यांचे घर आहे. दुकान आता तिथेच, पुढच्या खोलीत होणार होते. हमालांनी बाकडे ओटीवर टेकवले. कुसुमताईंनी ते सरकवायला लावले. थोडे डावीकडे. थोडे मागे. तेव्हा मला दिसले की ओटीच्या कोब्यावर चार चौकोनी खुणा होत्या. बाकड्याचे चारही पाय त्यांत बसले.

"ह्यांची जागा," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं हितंच, ह्याच बाकड्यावर झोपले."

हमाल टेम्पोकडे परत गेले.

"मला दुखायचं. मी नको म्हणायची. का ते सांगितलं नाय. त्यांना वाटलं, मला तेच नकोसे झाले. त्यांनी विचारलं नाय, गादी उचलली आणि हितं आले. मग हितंच वारले." त्यांनी पदराने बाकड्यावरची धूळ पुसली. "औषध माझ्याच दुकानात होतं. मीच विकत होते, कागदात गुंडाळून."

नव्या जागेच्या परवान्याला दोन महिने लागले. दुकान सुरू झाल्यावर मी एकदा गेलो, तेव्हा काउंटरसमोर एक जोडपे उभे होते. दोघांचीही साठी जवळ आलेली. पेणच्या बाकड्यावर मी नवरे पाहिले होते, बायका पाहिल्या होत्या. दोघे एकत्र आलेले कधी पाहिले नव्हते. कुसुमताईंनी दोन मनगटांवर दोन थेंब टाकले. पुरुष ओटीवरच्या बाकड्यावर जाऊन बसला. बाई उभीच राहिली, रस्त्याकडे पाठ करून.

"उभी का गो?" कुसुमताई आतून ओरडल्या. "बस त्यांच्याजवळ. दोघांना पुरेल एवढं लांब हाय ते."