बापूजींची गणेशपट्टी

बापूजी स्वतःच्या डोक्याला तेल लावायला विसरतील, पण शनिवारी घरातल्या सागवानी खांबांना जवसाचं तेल चोळल्याशिवाय जेवायला बसणार नाहीत. मी कळंबला त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळं घर दाखवलं. मी एका खांबाला जरा टेकलो, तर म्हणाले, "मास्तर, सरका थोडे. माह्या पणज्यानं उभा केलेला हाय तो."

पणजोबांनी म्हणे एकही खिळा न ठोकता, नुसतं लाकडात लाकूड अडकवून हे घर बांधलं होतं. मग आता खिळा ठोकायची कोणाची छाती? बापूजींचं कॅलेंडर गादीखाली असायचं. गावात वीज आली, तेव्हा वायरमनला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं.

या हट्टाचा जाच गोदाकाकूंना. काकू नवऱ्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच. माजघराचं दार बुटकं, त्यावर कोरीव गणेशपट्टी. बापूजी ताठ मानेनं जायचे. काकूंच्या हातात परात असली की कपाळ आपटलंच म्हणून समजा.

"एवढी पट्टी वर घ्या न," त्या म्हणायच्या.

"भोसल्यायचं राज्य गेलं, इंग्रज गेला, आता मध्यप्रदेश जाऊन मुंबई राज्य आलं. पट्टी तेथंच हाय. गणपतीले करवत लावू काय? तूच वाक."

काकू कपाळ चोळत मला सांगायच्या, "ह्यायचं लगन या पट्टीसंगच लागलं, मास्तर." त्या हसायच्या. मला मात्र बापूजींचा राग यायचा.

एका पौषात काकू तापानं गेल्या. माजघरातून त्यांना आम्ही चौघांनी उचललं. दाराशी येऊन वाकलो, तशी काकूंची मान एका बाजूला कलली.

"थांबा," बापूजी म्हणाले. "खाली ठेवा तिले."

ते परसात गेले आणि सरपणाची कुऱ्हाड घेऊन आले.

"बापूजी, गणपती हाय तो!" कोणीतरी ओरडलं.

"मले मालूम हाय. त्याले मी सांगतो काय सांगायचं ते."

आम्ही पुढे झालो, पण त्यांनी कोणाला कुऱ्हाड दिली नाही; घाव स्वतःच घातले. मला त्यांच्याकडे बघवेना. पट्टी खाली आली, तेव्हा म्हणाले, "जन्मभर वाकली. आता नाही वाकवत तिले." काकू ताठ बाहेर गेल्या.

बापूजी अजूनही आल्यागेल्याला घर दाखवतात. परवा यवतमाळहून एक इंजिनिअर आले होते. माजघराच्या दाराशी थबकून म्हणाले, "अरेरे, एवढी सुंदर चौकट! कोण्या गाढवानं तोडली?"

बापूजी म्हणाले,

"आमच्या घरचं माणूस उंच होतं, साहेब."